सेवा करणाऱ्या हातांचे समाधान : वृद्धाश्रमातील आया-मावशींसाठी एक धडा



आपल्या वस्त्यांमधून रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडणाऱ्या स्त्रियांच्या हाताला गेल्या काही वर्षांत एक नवे काम लागले आहे. धुणीभांडी, साफसफाई, बांधकामावरची बिगारी यांच्या जोडीला आता ‘पेशंटचे काम’ आले आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील माणसे दहा कोटींहून अधिक होती आणि महाराष्ट्रात हे प्रमाण शंभरात जवळपास दहा होते. त्यानंतर ते वाढतच गेले. मुले परगावी किंवा परदेशी, घर लहान, आजार लांबलेला, अशा कारणांनी पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर या शहरांत वृद्धाश्रम आणि शुश्रूषा केंद्रे निघाली. तिथे खाटेला खिळलेल्या माणसाला उठवणारे, धुणारे, भरवणारे हात बहुतेक आपल्या वस्तीतलेच असतात. कुणी आया म्हणते, कुणी मावशी, कुणी केअरटेकर. पुरुष असेल तर मामा किंवा वॉर्डबॉय.

या पानावर आपण डेंग्यू, रक्तक्षय, क्षयरोग, बाळंतपण यांवर बोलतो. या वेळी एका कामावर बोलू. या कामात समाधान मिळते का? मिळत नसेल तर का? आणि त्याचा तब्येतीशी काय संबंध? वृद्धाश्रमात राहणारे आजी-आजोबा सुखी आहेत का, हे त्यांचे नातेवाईक विचारतात. त्यांना सांभाळणारी बाई सुखी आहे का, हे कुणी विचारत नाही. आपण विचारू.

समाधान हा आरोग्याचा प्रश्न का आहे

बारा तासांची ड्युटी म्हणजे काय, ते आधी मांडू. सकाळी स्पंजिंग, कपडे बदलणे, डायपर किंवा बेडपॅन, तोंड धुवून देणे, केस विंचरणे. मग नाश्ता भरवणे, गोळ्या वेळेवर देणे, युरीन बॅग रिकामी करणे, दर दोन तासांनी कूस बदलणे. दुपारी पुन्हा तेच, संध्याकाळी पुन्हा तेच. मधल्या वेळात विसरभोळ्या आजींचा तोच प्रश्न विसाव्यांदा आला तरी त्याचे उत्तर पहिल्यासारख्याच आवाजात द्यायचे. कुणी चावले, ओरबाडले, शिवी दिली तरी हसायचे. अंगमेहनत सगळ्यांना दिसते. राग गिळण्याची मेहनत कुणाला दिसत नाही. पण तीही मेहनतच आहे आणि तीही माणसाला थकवते.

हा थकवा साचत गेला की मानसशास्त्रात ज्याला ‘बर्नआउट’ म्हणतात ती अवस्था येते. आपल्या भाषेत, माणूस आतून विझतो. ख्रिस्तिना मास्लाक या अमेरिकन अभ्यासिकेने त्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. पहिली, झोप झाली तरी न जाणारा थकवा. दुसरी, समोरच्या माणसाविषयी कोरडेपणा. आजींचे नाव जाऊन ‘चार नंबरची खाट’ एवढेच उरते. तिसरी, आपल्या हातून काही चांगले होत नाही असे सतत वाटणे. या तीन खुणा दिसल्या म्हणजे बाई आळशी झाली किंवा तिला माया उरली नाही, असे समजू नका. तिच्यावर तिच्या ताकदीपेक्षा जास्त लादले गेले आहे, असे समजा.

याचे पुढचे परिणाम घरात दिसतात. डोके दुखते, भूक जाते, मुलांवर हात उठतो, पाळी बिघडते, रक्तदाब वाढतो. वृद्धाश्रमातही दिसतात. समाधान नसलेली कामगार टिकत नाही, तिच्या जागी दुसरी येते, मग तिसरी. विसरभोळ्या माणसाला दर महिन्याला नवा चेहरा दिसला की तो बिथरतो. कूस बदलायला माणूस कमी पडले की पाठीला जखमा होतात. म्हणजे आयाचे समाधान आणि आजींची तब्येत या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच.

हे जातीचे काम आहे का

आपल्या घरांत हा प्रश्न उघडपणे विचारला जातो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेली गुरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडायला सांगितले. आपल्या आज्या-पणज्यांनी ती कामे सोडली, उपाशी राहिल्या, मार खाल्ला. मग त्यांच्या नाती-पणतींनी पुन्हा दुसऱ्यांची घाण का काढायची, असे घरातले वडीलधारे विचारतात. प्रश्न रास्त आहे.

त्याचे उत्तरही बाबासाहेबांकडेच शोधू. १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ मध्ये त्यांनी दाखवून दिले की जातिव्यवस्था नुसत्या कामांची विभागणी करत नाही, ती काम करणाऱ्या माणसांची विभागणी करते. माणसाची आवड, कुवत, शिक्षण न पाहता जन्मावरून काम ठरते. अशा कामाविषयी मनात तिटकारा येतो, ते टाळावेसे वाटते. जिथे मन आणि बुद्धी कामात नाही तिथे काम चांगले होणार कसे, असा त्यांचा सवाल होता. कामाच्या समाधानाविषयी याहून स्पष्ट मांडणी आम्हाला नर्सिंगच्या पुस्तकांत मिळाली नाही.

म्हणजे पाहायचे ते हे : काम निवडता आले का? नको असेल तर सोडता येते का? त्याचे शिक्षण मिळाले का? पुरेसा पगार मिळतो का? पुढे चढायला पायरी आहे का? काम करणारीला माणूस म्हणून वागवतात का? ही उत्तरे ‘हो’ असतील तर ते आजारी माणसाच्या शुश्रूषेचे काम आहे, आणि परिचारिकाही शौचाचे भांडे देते, जखम धुते. उत्तरे ‘नाही’ असतील, चहाचा कप वेगळा असेल, स्वयंपाकघरात पाऊल टाकायला बंदी असेल, आडनाव विचारून संडासाचे काम ठरत असेल, तर गणवेश नवा असला तरी काम जुनेच आहे. अशी अस्पृश्यता संविधानाच्या कलम १७ ने गुन्हा ठरवली आहे. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. त्यामुळे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण आपल्यालाही आहे.

तथागतांनी शुश्रूषेविषयी काय सांगितले

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. कुणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागत आणि आनंद तिथून जात होते. तथागतांनी पाणी आणवले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून आणि एकाने पायांकडून धरून त्याला उचलून खाटेवर ठेवले. नंतर संघाला बोलावून सांगितले की तुमची काळजी घ्यायला इथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची काळजी घ्यायची. ज्याला तथागताची सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची करावी.

पुढे चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. औषध तयार करून देता येणे, रुग्णाला काय चालते आणि काय नाही हे कळणे, लोभाने नव्हे तर मैत्रीने शुश्रूषा करणे, मलमूत्र-थुंकी-उलटी काढताना किळस न करणे, आणि धम्माच्या बोलाने रुग्णाचे मन हलके करणे. यातले पहिले दोन गुण ज्ञानाचे आहेत, हे लक्षात घ्या. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीही शुश्रूषा हे शिकून करायचे काम होते, कुणाच्याही गळ्यात मारायचे नव्हते.

‘लोभाने नव्हे’ हे शब्द पुढे करून आज कुणी म्हणेल, ‘मावशी, ही तर सेवा आहे, पगाराचे काय बोलता?’ त्यांना त्याच महावग्गातली पुढची गोष्ट सांगा. भिक्खूचे निधन झाल्यावर त्याचे चीवर आणि पात्र त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना संघाने द्यावे, अशी अनुमती तथागतांनी दिली, कारण शुश्रूषक फार उपयोगाचे असतात. शुश्रूषा करणारा सामणेर, म्हणजे पदाने लहान, असला तरी त्याला समान वाटा द्यायला सांगितले. मैत्री मनात असावी आणि वाटा हातात असावा. धम्मात या दोहोंचे भांडण नाही.

समाधान देणारे काय, हिरावणारे काय

फ्रेडरिक हर्झबर्ग या अभ्यासकाने १९५९ मध्ये एक साधी गोष्ट मांडली. कामात नाराज करणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि आनंद देणाऱ्या गोष्टी वेगळ्या. पगार, तास, वरिष्ठांची वागणूक, कामाची जागा या गोष्टी वाईट असल्या की माणूस नाराज होतो. त्या सुधारल्या की नाराजी जाते, पण तेवढ्याने आनंद येतोच असे नाही. आनंद येतो तो काम नीट पार पडल्याचा, कुणी त्याची दखल घेतल्याचा, जबाबदारी मिळाल्याचा, काही नवे शिकल्याचा.

आयांशी बोलताना आम्हाला हे रोज दिसते. त्यांना आनंद कशाचा होतो? पाठीची जखम भरत आली याचा. जेवण नाकारणाऱ्या आजोबांनी आपल्या हातून चार घास खाल्ले याचा. नाव विसरलेल्या आजींनी आवाज ओळखला याचा. पेशंटशी जुळलेले नाते हा या कामातला सर्वांत मोठा आनंद आहे. आणि मन कशाने मोडते? एका आयाकडे दहा-बारा खाटा असल्याने. डॉक्टर फेरीला आले की तिला बाजूला सारल्याने, जरी रात्री आजींनी किती वेळा कूस बदलली हे फक्त तिलाच ठाऊक असले तरी. ब्युरोने पगारातून कमिशन कापल्याने. पेशंट दगावला की दुसऱ्या मिनिटाला ‘खाट रिकामी कर’ म्हटल्याने.

म्हणून मालकाने नुसते ‘तुम्ही देवमाणसं आहात’ म्हणून भागत नाही, आणि नुसते शंभर रुपये वाढवूनही भागत नाही. दोन्ही ढीग सांभाळावे लागतात. पगार आणि तास आधी, मान आणि शिक्षण त्याच्या जोडीने.

शरीर राखा

पाठ : पेशंट कधीही एकटीने उचलू नका. महावग्गातल्या त्या प्रसंगातही दोघांनी मिळून उचलले. खाट वर घेता येत असेल तर कमरेपर्यंत घ्या. गुडघे वाकवा, कंबर नाही. पेशंटला अंगाजवळ धरा, उचलताना पिळवटू नका. वर सरकवायचे असेल तर अंगाखालची आडवी चादर दोन्ही बाजूंनी धरून ‘एक-दोन-तीन’ म्हणत सरकवा. पेशंट पडू लागला तर पूर्ण भार पेलायचा प्रयत्न करू नका. आपल्या अंगाच्या आधाराने त्याला हळूच जमिनीवर टेकू द्या.

सुई : कावीळ ‘ब’ ची लस घ्या. तीन डोस असतात. पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नका. सुई टोचलीच तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, दाबून रक्त काढू नका, आणि ताबडतोब सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही टाळण्याची औषधे शक्यतो दोन तासांच्या आत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. ‘उद्या बघू’ म्हणू नका.

त्वचा आणि छाती : खरूज वृद्धाश्रमात लवकर पसरते. रात्री खाज सुटू लागली, बोटांच्या बेचक्यांत पुरळ दिसले तर दाखवा, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत आहे.

पाणी आणि रक्त : ड्युटीवर जायला वेळ नाही, संडास स्वच्छ नाही म्हणून पाणी न पिणाऱ्या आया पुष्कळ आहेत. त्यातून लघवीची जळजळ आणि संसर्ग होतो. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन पाहा.

सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना प्लेगानेच गेल्या. तेव्हा हातमोजे नव्हते, औषध नव्हते. आज दोन्ही आहेत. आज ते न पुरवणाऱ्याने सावित्रीबाईंचे नाव घेऊन त्यागाचा उपदेश करू नये.

मन राखा

वर्षभर जिला भरवले ती आजी गेली तर रडू येणे स्वाभाविक आहे. ते दाबू नका. दोन-चार सहकारणींनी मिळून तिची आठवण काढा, दोन मिनिटे शांत बसा. विसरभोळा पेशंट शिवी देतो तेव्हा ती आजाराची असते, असे स्वतःला सांगा. पण शुद्धीतल्या माणसाची जातिवाचक शिवी किंवा नको तो स्पर्श आजाराच्या खात्यात टाकू नका. झोप उडाली, जीव नकोसा वाटला तर १४४१६ हा ‘टेलिमानस’ चा मोफत क्रमांक आहे. मराठीतही बोलता येते.

हक्क माहीत हवेत

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. काम किती तास, हा त्यांच्यासाठी आरोग्याचा आणि माणुसकीचा प्रश्न होता. तुमच्यासाठी पुढचे लक्षात ठेवा.

१. किमान वेतन : सरकार ते जाहीर करते. त्याहून कमी देणे बेकायदा आहे. आपल्या कामाचा दर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारा.

२. ईएसआय : दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आणि कायदा लागू असलेल्या आस्थापनेत, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना. कामगाराचा वाटा पगाराच्या ०.७५ टक्के, मालकाचा ३.२५ टक्के. आजारपणाची रजा, बाळंतपण, कुटुंबाचा इलाज यात येतो. कापले जात असेल तर कार्ड मागा.

३. भविष्यनिर्वाह निधी : वीस किंवा अधिक कामगार असतील तर.

४. लैंगिक छळ : २०१३ चा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची करतो. त्याहून लहान ठिकाणी, आणि पेशंटच्या घरी काम करत असाल तरी, जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत करा.

५. मोफत वकील : स्त्रियांना आणि अनुसूचित जातींना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो. क्रमांक १५१००.

काम धरताना ब्युरोला किंवा संस्थेला सहा गोष्टी विचारा : पगार किती आणि कोणत्या तारखेला? कमिशन किती? किती खाटा माझ्याकडे? सुट्टी कधी? हातमोजे कोण देणार? दुखापत झाली तर खर्च कोणाचा? उत्तरे कागदावर घ्या. कागद नाही म्हणाले तर पगार बँकेत जमा करायला सांगा, हजेरीची तारीख आणि वेळ स्वतःच्या वहीत रोज लिहा. वाद झाला तर ही वहीच उपयोगी पडते.

घराने काय करावे

आता बोलायचे ते भावांशी. ताई बारा तास दुसऱ्यांच्या वडिलांना भरवून येते आणि घरी आल्यावर आपल्या वडिलांना, नवऱ्याला, मुलांना वाढते. तिची दुसरी ड्युटी घरात सुरू होते आणि तिला पगार नाही, सुट्टी नाही. मालकाकडे आठ तास मागायचे आणि घरात सोळा तास राबवायचे, हे समतेच्या चळवळीला शोभत नाही. पाणी भरणे, भाजी निवडणे, मुलांचा अभ्यास, आजोबांचे औषध ही कामे पुरुषांना आणि मुलग्यांना जमतात. रात्रपाळीवरून आलेल्या बाईला अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात सलग झोप मिळू द्या. आणि ‘कसले घाणीचे काम करतेस’ हे वाक्य घरातून काढून टाका. त्याऐवजी विचारा, ‘आज काय शिकलीस? कुणी वावगे बोलले का?’

विहाराने काय करावे

एका वस्तीत अशा पाच-दहा तरी स्त्रिया निघतील. महिन्यातल्या एका रविवारी, वंदनेनंतर, त्यांना विहारात एकत्र बसू द्या. कोणता ब्युरो किती कापतो, कोणत्या ठिकाणी वागणूक चांगली, हे एकमेकींना सांगितले तरी निम्मी फसवणूक थांबते. दहावी-बारावी झालेल्या मुलींना जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स आणि त्यापुढे नर्सिंगची वाट दाखवा. आया म्हणून सुरू केलेली मुलगी परिचारिका व्हायला हवी. लस घेतली का, याची यादी ठेवा. आणि दहा जणी झाल्या की एकटीने मालकाशी बोलायची वेळ कुणावरही येऊ देऊ नका.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे आपण भिंतीवर लिहितो. वृद्धाश्रमातल्या आयासाठी त्याचा अर्थ सरळ आहे. पेशंट कसा उचलायचा ते शिका. जोडीदारणीला सोबत घ्या. आणि उचलायला दुसरे माणूस दिल्याशिवाय उचलणार नाही, असे ठामपणे सांगा. समाधान तिथून सुरू होते.

नमो बुद्धाय. जय भीम.